भिंतीला हात लावून

बूट घ्यायला म्हणून आम्ही दोघी बाहेर पडलो होतो, मी आणि माझी नात चैत्राली. सहा वर्षं होऊन गेली त्याला. जानेवारीचा पहिला आठवडा, ईडन प्रेरीला गुडघाभर बर्फ पडलेला. दुकानात ती माझ्यापुढे खालीच बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि नाडी आवळत म्हणाली, "आजी, टाइट होतंय का?"

"होऊ दे. तिथे थंडी फार असते."

"मिनेसोटात राहून तू रशियाच्या थंडीला घाबरतेस? आय चेक्ड. इथे त्यांच्यापेक्षा जास्त आहे."

"असेल. पण तुझ्या आजोबांनी जन्मभर तिथल्याच थंडीच्या गोष्टी सांगितल्या. इथल्या थंडीची एक नाही."

ती हसली. ती खाली बसलेली, केस मागे बांधलेले, मान जरा वाकडी. आमच्याकडे माझा एक जुना फोटो आहे, नाशिकच्या स्टुडिओत काढलेला, मी पंचविशीची. संजय, म्हणजे माझा मुलगा, चैत्रालीचा बाप, तो फोटो दाखवून सगळ्यांना सांगतो, पोरगी म्हणजे आईची झेरॉक्स आहे. फोटोत माझ्या मांडीवर एक पाच वर्षांची मुलगी आहे. तिच्याबद्दल तो काही सांगत नाही.

ती नीना. माझी मुलगी, संजयच्या पाठची.

मला तिला आणायला जायचं होतं. बूट त्यासाठी.

*

आता हे नीट सांगते, म्हणजे मी वेडी आहे असं तुम्ही ठरवलंत तरी सगळं ऐकून ठरवाल.

आमचे हे ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. उजव्या हाताचं पहिलं बोट मशीनने अर्धं खाल्लेलं, तरी हातात अशी कला की साहेबांनी निवडून ट्रेनिंगला रशियाला पाठवलं. सत्त्याहत्तर सालचा नोव्हेंबर. त्या शहराला तेव्हा लेनिनग्राड म्हणत, आता सेंट पीटर्सबर्ग म्हणतात. सहा महिन्यांचं काम. संजय आठ वर्षांचा, नीना पाच.

नीना सारखी विचारायची, बाबा कुठे गेले. मी म्हणायची, बर्फाच्या गावाला. मग ती अंगणात वाळूत पाय खुपसून बसायची आणि म्हणायची, मी बर्फात आहे.

ओझरच्या आठवडे बाजारात फार गर्दी व्हायची. एकदा ती हरवली, तेव्हापासून मी तिला शिकवलं होतं. नीने, चुकामूक झाली तर पळायचं नाही, रडायचं नाही. जवळच्या भिंतीला हात लावून उभं राहायचं. मी येईपर्यंत हात काढायचा नाही. आणि ओळखीच्या माणसाशिवाय कुणाच्या मागे जायचं नाही, कुणी नाव घेऊन बोलावलं तरी नाही, खाऊ दिला तरी नाही. पोर अशी गुणी की एकदा मी तेलाच्या घाण्यावर अडकले, पाऊण तास लागला, तर ही शाळेच्या भिंतीला हात लावून उभी. उन्हाने लालेलाल झालेली. पण हात भिंतीवर.

त्या जानेवारीत तिला घटसर्प झाला. घशात पडदा आला. आवाज घोगरा झाला, मग फक्त वारा यायचा. भोगीच्या दिवशी मी एका हाताने तीळ भाजत होते आणि एका हाताने तिच्या कपाळावर घड्या ठेवत होते. ती म्हणत होती, बाबांकडे जायचं... बाबांकडे जायचं... तापलेल्या पोराला आपण काय म्हणतो? मी म्हटलं, "हो, जा हं तू पुढे. मी आलेच मागून."

दिवेलागणीला ती गेली. पिवळा फ्रॉक घालून तिला नेलं.

माझे सासरे म्हणाले, त्याला कळवायचं नाही. परमुलखात एकटा आहे, धरायला कुणी नाही, काही करून बसेल. आला की सांगू. आपल्यात असंच करतात, मायेपोटीच करतात. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शेजारच्या क्वार्टरमध्ये सरलाबाई राहायच्या, शाळेत शिकवायच्या. माझी पत्रं त्या लिहायच्या, ह्यांची वाचून दाखवायच्या. तीन महिने मी त्यांना सांगत होते, लिहा, नीना बरी आहे, तुमची आठवण काढते. दर वेळी तिथे आलं की सरलाबाईंचा पेन थांबायचा. मग लिहायच्या.

फेब्रुवारीत ह्यांचं पत्र आलं. सरलाबाई वाचत होत्या. जेवणाचं, थंडीचं, मशीनचं. मग वाचलं, "इथे एक गंमत होते आहे. संक्रांतीपासून एक लहान मुलगी रोज माझ्या मागे मागे येते. पिवळा फ्रॉक, पाय उघडे, एवढ्या बर्फात. चेहरा थेट आपल्या नीनासारखा..."

त्यांनी पत्राची घडी घातली. म्हणाल्या, "पुढे काही नाही."

अक्षरं मला कळत नसतील, पण अर्धा कागद उरला होता ते मला दिसत होतं.

हे मे महिन्यात आले. पेटीत तिच्यासाठी लाल लोकरीचे बूट. दारातच सासऱ्यांनी सांगितलं. हे ओरडले नाहीत, रडले नाहीत. पायरीवर बसले आणि म्हणाले, "मग मी तिला तिथेच सोडून आलो की काय."

त्या रात्री एकदाच त्यांनी मला सगळं सांगितलं. शेवटच्या दिवशी ती ट्रामच्या रुळापर्यंत मागे आली होती. गाड्या धडधडत येत होत्या. हे घाबरले आणि तोंडातून निघून गेलं, मराठीत, "नीना, तिथेच थांब. मी आलोच." ती मागे फिरली, कमानीखाली गेली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. हे ट्राममध्ये चढले. काचेतून बघितलं तर तशीच उभी.

नंतर जन्मभर ते रशियाची गोष्ट सांगायचे. पाहुण्यांना, नातवंडांना, इथे अमेरिकेत आलो तर इथल्या मंडळींना. हॉस्टेलपासून ट्रामपर्यंतची वाट, पूल, घरं, दुकानं, सगळं. फक्त कमानीपाशी आले की गोष्ट थांबायची आणि ते चहा मागायचे. मला ते शहर पाठ झालं होतं, आरती पाठ असावी तसं.

दोन हजार अठराच्या ऑक्टोबरमध्ये हे गेले, ईडन प्रेरीच्या घरात, खालच्या खोलीत. शेवटचं बोलले ते मला एकटीलाच कळलं. "तिला आणायची राहिली गं."

*

संजय नाहीच म्हणत होता. "आई, या वयात? जानेवारीत? लोक फ्लोरिडाला जातात."

सूनबाई उल्का म्हणाली, "जाऊ दे ना त्यांना. बाबांची इच्छा होती."

चैत्रालीचं शिक्षण नुकतंच संपलेलं, नोकरी फेब्रुवारीत लागणार होती, टेक्सासला फ्रिस्को म्हणून गाव आहे तिथे. ती म्हणाली मी नेते. तिला मी एवढंच सांगितलं होतं की आजोबांच्या आवडत्या जागी तिळगूळ ठेवून यायचं. खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं.

पहिले दोन दिवस तिने मला शहर दाखवलं. केवढं मोठं ते शहर! नदी गोठलेली, एवढी रुंद की पलीकडची घरं काड्यापेट्यांसारखी. सोन्याच्या कळसांची देवळं. राजवाडा असा लांब की बघता बघता मान दुखली. कावळे मात्र आपल्यासारखे, राखी अंगाचे. अमेरिकेत सगळे डोमकावळेच, त्यामुळे मला इतक्या वर्षांनी ते बघून बरं वाटलं. आणि एक गंमत. अमेरिकेत मी कुठेही गेले की पाटी वाचायला चैत्राली लागते. इथे तिलाच काही वाचता येईना.

"आजी, हे अक्षर उलटं आर आहे, बट इट्स नॉट आर."

"आता कळलं तुला माझं कसं होतं ते?"

"यार आजी..." असं म्हणून तिने मला रस्त्यातच मिठी मारली.

पण एक तुम्हाला सांगते. दिवस म्हणून तिथे नसतोच. दहाला उजाडल्यासारखं होतं आणि पाच वाजायच्या आत पुन्हा काळोख. दुपारचा चहा प्यायला बसावं आणि बाहेर दिवे लागलेले असावेत. त्या उजेडात माणूस जवळ येईपर्यंत त्याला तोंड नसतं.

तिसऱ्या दिवशी भोगी होती. मी भारतातून मागवलेल्या तिळाचे लाडू घरूनच करून आणले होते, एका फडक्यात बांधून. आम्ही जेवून निघालो. फोनवर नकाशा लावून चैत्राली पुढे, मी मागे. ट्रामच्या एका थांब्यावर उतरलो आणि तिचा फोन थंडीने बंद पडला. काळी पाटी झाली नुसती.

"ग्रेट," ती म्हणाली. "आता आपण हरवलो."

मी इकडे तिकडे बघितलं. समोर कालवा होता. त्यावर लोखंडी कठड्याचा बुटका पूल, कठड्यात मासे कोरलेले.

"हरवलो कुठे? पूल ओलांडायचा. मग डाव्या हाताला वळायचं."

"तुला कसं माहीत?"

"तुझे आजोबा सांगत नव्हते का?"

पुलावर वारा असा आला की तिची टोपी उडून खाली बर्फावर गेली. मी माझी तपकिरी शाल काढली आणि तिच्या डोक्यावरून घेऊन मानेभोवती गुंडाळली. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

पुलापलीकडे एक पिवळं घर. त्याच्या दारावर दोन दगडी बायका, डोक्यावर सज्जा तोलून उभ्या. हे म्हणायचे, त्यांना बघून मला तू आठवायचीस, हंडा घेऊन येणारी. एकीचं नाक तुटलेलं आहे असंही म्हणायचे. ते तुटलेलंच होतं. चैत्रालीने मान वर करून ते नाक बघितलं.

"आजी, धिस इज क्रेझी," ती हळूच म्हणाली.

तिथून तिसरी कमान. त्या शहरात घराच्या पोटातून बोगद्यासारखी वाट जाते आणि आत चौक असतो, विहिरीसारखा, चारी बाजूंनी उंच भिंती. पहिली कमान गेली, दुसरी गेली. रस्त्यावर कुणी नव्हतं. आमच्या बुटांखाली बर्फ करकरत होता. दुसरं काही ऐकू येत नव्हतं, आणि तरी मला कुठून तरी भाजलेल्या तिळाचा वास येत होता. मी फडकं नाकाशी नेलं. लाडवांचा नव्हता. गरम कढईतला होता.

तिसऱ्या कमानीच्या तोंडाशी एक म्हातारी फावड्याने बर्फ ओढत होती. माझ्याच वयाची, डोक्याला फुलांचा रुमाल. तिने मला बघितलं, माझ्या हातातलं फडकं बघितलं. काहीतरी बोलली. चैत्राली म्हणाली, सॉरी, सॉरी, नो रशियन. मग त्या बाईने फावडं भिंतीला टेकवलं, हात खाली नेला, कमरेच्याही खाली, आणि हवेत तळवा आडवा धरला. एवढीशी. मग कमानीच्या आत बोट दाखवलं आणि छातीवर त्यांच्या देवाची खूण केली.

मला भाषा लागली नाही. मी मान हलवली. तिने माझ्या दंडावर हात ठेवला, मग फावडं घेऊन पुलाच्या बाजूला निघून गेली. मागे वळून बघितलं नाही.

"काय म्हणत होती ती?" चैत्राली म्हणाली.

"तू इथेच थांब जरा. मी लाडू ठेवून येते."

*

आत एकच दिवा होता, चौकाच्या टोकाला, आणि तोही मिणमिणता. ओल्या दगडाचा वास. भिंतीवर दव गोठून पांढरं झालेलं, वरपासून खालपर्यंत, मिठाने सारवल्यासारखं. मी भिंतीला धरून चालले. हातमोजे काढले होते, बोटं बधिर झाली होती. आणि मधेच हाताखाली कोरडं लागलं. वाकून बघितलं. त्या सगळ्या पांढऱ्यात एक चट्टा मोकळा होता. चार बोटं, एक अंगठा. लाडवाएवढा तळवा.

मी माझा हात तसाच ठेवला आणि म्हटलं, "नीना..."

ती तिथेच होती. माझ्या हाताजवळ. आली वगैरे नाही, मी बघत नव्हते इतकंच. पिवळा फ्रॉक, केसांची एक बट तोंडात, लहानपणापासूनची सवय. पाय उघडे. हात भिंतीला.

एवढी वर्षं मी तिचा चेहरा मनात धरून ठेवला होता, आणि बघते तर कानाजवळचा तीळ मी विसरले होते.

"नीने... मी आले गं."

तिने वर बघितलं. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. आणि एक पाऊल मागे सरकली. हात भिंतीवरून न काढता, नुसतं अंग मागे. बाजारात अनोळखी म्हातारी अंगाशी आली की पोरं सरकतात तशी.

मी खाली बसले, बर्फात. फडकं सोडलं. "तिळगूळ घे. तुझ्यासाठी केलेत... तू मागत होतीस ना..."

तिची नजर लाडवांवर गेली. मोकळा हात पुढे आला, अर्धा. मग तिने तो पाठीमागे नेला.

"आईने सांगितलंय..." आवाज घोगरा, शेवटच्या दिवशी होता तसा. "कुणाचं घ्यायचं नाही."

"अगं, मीच तुझी आई..."

तिने मान हलवली. रागाने नाही. समजावल्यासारखी.

"माझी आई येणारे."

मी तिला काय सांगणार होते? माझे केस पांढरे, तोंडात कवळी, कंबर वाकलेली. तिची आई पंचवीस वर्षांची. मीच शिकवलं होतं, नाव घेऊन बोलावलं तरी जायचं नाही. पोर माझंच ऐकत होती. मी ते नाव घेऊन बोलावत होते, आणि माझंच ऐकून ती येत नव्हती.

"आजी?" मागून चैत्रालीचा आवाज आला. "कुणाशी बोलतेस?"

ती कमानीच्या तोंडाशी उभी होती. मागून रस्त्याचा दिवा. डोक्यावरून माझी तपकिरी शाल. मान जरा वाकडी.

नीनाने माझ्या खांद्यावरून तिकडे बघितलं. तिचा चेहरा असा उजळला... ते मी सांगू शकत नाही. तो चेहरा बघायला मी आले होते. तो माझ्यासाठी नव्हता.

तिने भिंतीवरचा हात काढला.

इथे मी गप्प बसू शकले असते. नातीचा हात धरून परत फिरू शकले असते. माझ्या मनाला पूर्ण कळत होतं की मी कुणाला कुणाच्या स्वाधीन करते आहे. पण सगळं आयुष्य ते पोरगं तिथे उभं होतं, हो.

"चैत्राली," मी म्हटलं, "म्हण, चल घरी."

"कुणाला?"

"आजोबांना समज. म्हण ना गं... एकदा."

ती जवळ आली, काळजीने माझ्याकडे बघत. मग तिच्या त्या अमेरिकन मराठीत म्हणाली, "चल. घरी चल, ओके?"

माझ्या अंगाशेजारून गारवा गेला, कोपराएवढ्या उंचीवरून. थांबला नाही. मी हात पुढे केला होता, त्याला लागलासुद्धा नाही.

"ओ माय गॉड," चैत्राली म्हणाली आणि डावा हात झटकला. "आजी, माझा हात एकदम फ्रीझ झाला. चल, तू उठ आधी."

लाडू तिथेच राहिले. कमानीतून बाहेर पडताना मी भिंतीकडे बघितलं. त्या कोरड्या चट्ट्यावर पांढरं धरायला लागलं होतं.

*

विमानात चैत्राली झोपली. डावा हात खुर्चीच्या कडेवरून खाली सोडलेला, बोटं अर्धी मिटलेली. एखाद्या लहान पोराने बोट धरलं की आपली बोटं मिटतात, तशी.

घरी पोचलो तर उल्का दारात भाकरतुकडा घेऊन उभी. लांबून आलेल्यांवरून ओवाळून टाकायचा, वाटेतलं काही अंगाबरोबर आलं असेल तर जावं म्हणून. तिने हात वर नेला आणि मी तिचं मनगट धरलं.

"नको ओवाळू."

"अहो आई, पण..."

"नको म्हटलं ना."

उल्काने तो तुकडा आत नेला.

मी माझ्या पलंगावर भिंतीकडची जागा मोकळी ठेवली. लाल बूट इतकी वर्षं माझ्या पेटीत होते, ते पायथ्याशी ठेवले. पंधरा दिवस ठेवले. पंधरा दिवस वरच्या मजल्यावर चैत्रालीच्या खोलीत हीटर चालेना. संजय म्हणाला बिघडलाय, माणूस येऊन गेला, म्हणाला सगळं ठीक आहे. रात्री मी जिन्याखाली उभी राहून ऐकायची. कधी काही ऐकू आलं नाही. फक्त वरून गार हवा पायऱ्या उतरून यायची, आणि मी तिथे उभी राहायची, ती अंगावर घेत.

फेब्रुवारीत चैत्राली फ्रिस्कोला गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी घरात आले. घर सगळीकडून सारखं ऊबदार झालं होतं. उल्काला वाटलं मी नातीसाठी रडते आहे.

फ्रिस्कोला चैत्रालीने पुढे घर घेतलं. विटांचं, तिकडे तशीच असतात. उन्हाळ्यात तिथे अंगाची लाही होते आणि ही गाडी चालवताना डाव्या हातात लोकरीचा मोजा घालते. डॉक्टर म्हणाले रक्ताभिसरण. मी हो म्हटलं. पुढाऱ्यासारखं ठामपणे हो म्हटलं, अन् फोन ठेवून देवापुढे बसले.

मागे एकदा म्हणाली, "आजी, एक फनी गोष्ट सांगू? रोज कामाला जाताना मी दार लॉक करते आणि मोठ्याने म्हणते, आलेच हं मी. घरात कुणीच नसतं. कुठून शिकले मी हे?"

"माझ्याकडून शिकली असशील," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

आणि दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीवर, ओलीचा एक डाग आहे, तिने मला फोनवर दाखवला. चार बोटं, एक अंगठा. तिला ते तसं दिसत नाही, ती म्हणते पाइप गळत असणार. बिल्डरने दोनदा माणूस पाठवला. पाइप त्या भिंतीत नाहीच. ऐन उन्हाळ्यात हात लावला तर बर्फासारखं गार, म्हणते. ती कामावरून आली की हळूहळू सुकतो, सकाळी निघाली की पुन्हा येतो.

मला कळतं. पोर गुणी आहे. रोज उभी राहते, रोज तिची आई परत येते. मी स्वतःला सांगते, एवढंच तर हवं होतं. आणि मग मी इथे, आमच्या दाराबाहेर जाते, चप्पल न घालता, आणि भिंत चाचपून बघते. लाकूड कोरडंच असतं. एकदा संजयने बघितलं. माझ्या खांद्यावर कोट टाकला आणि तोही थोडा वेळ त्या भिंतीकडे बघत उभा राहिला. आठ वर्षांचा होता तो तेव्हा.

या संक्रांतीला चैत्रालीने दारात रांगोळी काढली, तिला येते तेवढी, आणि कामाला निघताना फोटो पाठवला. मी तो दोन बोटांनी मोठा केला. लहान डाग होता तिथेच होता. त्याच्या वर, माझ्या खांद्याच्या उंचीला, दुसरा डाग. मोठ्या माणसाचा उजवा हात. पहिलं बोट अर्धं.

मी कुणाला दाखवला नाही. चैत्रालीला विचारलं, भिंतीवर डाग किती आहेत गं? म्हणाली, एकच, का?

भिंतीला हात कधी लावायचा? चुकामूक झाली असेल तेव्हा. आपलं माणूस यायचं राहिलं असेल तेव्हा. रोज संध्याकाळी जिची आई परत येते तिच्या शेजारी हे कशाला हात लावून उभे राहतील, माझी वाट बघत नसतील तर? मी संजयला म्हटलं, मला फ्रिस्कोला नेऊन सोड. तो म्हणाला, थंडी ओसरू दे, मार्चमध्ये जाऊ. मी म्हटलं बरं. आता तिथे हे आहेत. हे तिला सांगतील, बघ, हीच ती, म्हातारी झालीय म्हणून काय झालं. सांगतील ना? त्यांनी तर मला म्हातारी होताना बघितलंय.

आज सकाळी उठले तर उजवा तळवा गार होता आणि ओला. पदराला पुसला. पदरावर लाल डाग पडला. मला वाटलं रक्त, म्हणून खिडकीपाशी जाऊन उजेडात बघितलं. विटेची पूड होती ती, रेघारेघांत बसलेली.

आमचं ईडन प्रेरीचं घर सगळं लाकडाचं आहे.